भोगीच्या भाज्या, शाळूची पारी आणि ओव्हन

मार्गशीर्ष उतरणीला लागला की कोल्हापूरच्या मंडईत ज्या भाज्या एकाच वेळी येऊन पडतात, त्या सगळ्या एका पारीत घालून ओव्हनमध्ये भाजण्याचा एक खारा, तिखट पदार्थ आमच्या घरी थंडीभर अधूनमधून होत असतो. परदेशी पाककृतींत याला गॅलेट म्हणतात. त्याला साचा लागत नाही, झाकण लागत नाही. मोठी पारी लाटायची, मध्ये सारण पसरायचे, कडा आत दुमडून करंजीला घालतो तशी मुरड घालायची आणि मधला भाग उघडाच ठेवून भाजायचा, एवढेच त्याचे रूप. ज्यांनी तो आमच्याकडे खाल्ला त्यांपैकी बऱ्याच जणांनी कृती मागितली, आणि मागताना बहुतेकांनी "हे पोटाला चांगले असते ना?" असेही विचारले. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या पदार्थात पोटाच्या उपयोगाच्या गोष्टी आहेत, तशा केवळ जिभेसाठी घातलेल्याही आहेत, आणि दोन्हींची सरमिसळ करून वर आरोग्यदायी असा शिक्का मारणे मला पटत नाही. म्हणून कृती सांगता सांगता कोणती गोष्ट कशासाठी घातली आहे, तेही लिहिते.

सारणाची कल्पना माझी नाही, ती भोगीची आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा अशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा बेत देशावर घरोघर होतो, आणि "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण त्या ताटाबरोबरच लहानपणी कानावर पडते. म्हणीत व्हायची तेवढी अतिशयोक्ती आहेच. एका दिवसाच्या जेवणाने वर्षाचे आरोग्य ठरत नाही. मात्र एका भांड्यात अनेक प्रकारच्या भाज्या शिजवण्यामागे जे शहाणपण आहे, त्याकडे आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास करणारे लोक अलीकडे वेगळ्या वाटेने येऊन पोहोचले आहेत. अमेरिकन गट प्रोजेक्ट या प्रकल्पात हजारो लोकांनी स्वतःहून पाठवलेल्या नमुन्यांतील जीवाणू तपासले गेले, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असे दिसले की आठवड्यात तीसहून अधिक प्रकारचे वनस्पतिजन्य अन्न खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जीवाणूंमध्ये, दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत, अधिक वैविध्य होते. तीस हा आकडा ऐकून दडपण येते खरे. पण त्यात केवळ भाज्या मोजायच्या नसतात, धान्ये, कडधान्ये, फळे आणि तेलबियाही धरायच्या असतात, आणि त्या हिशोबाने भोगीच्या एका पातेल्यातच आठवड्याच्या निम्म्या वाटेपर्यंत सहज जाता येते. अर्थात असा संबंध आढळला म्हणजे वैविध्यामुळेच प्रकृती सुधारते असे सिद्ध होत नाही. इतके नाना प्रकार खाणारी माणसे इतर बाबतींतही जपून राहणारी असू शकतात.

आंबवलेल्या पिठाची कल्पनाही इथलीच आहे. मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते, तेव्हा नैवेद्यात आंबील आणि घुगऱ्या असतात, वरणं-वांग्याची भाजी असते, भाकरी, कांद्याची पात आणि गाजर असते. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्साच आठवतो, त्याला आमचा इलाज नाही. पण या नैवेद्यात धान्य, कडधान्य, हिरवी पात, कंदमूळ आणि आंबवलेले पीठ असे सगळे एकत्र येते, आणि माझ्या गॅलेटमध्ये याहून निराळे फारसे काही नाही. तूप आणि ओव्हन तेवढे वरचे.

पारी करण्याआधी बाजाराविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण या पदार्थाची निम्मी चव तिथेच ठरते. कपिलतीर्थ मंडईत या दिवसांत पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. शेंग घेताना तिच्यातला दाणा बोटांना भरलेला लागला पाहिजे आणि साल मात्र अजून हिरवी असली पाहिजे. साल पिवळी पडून सुरकुतली असेल तर दाणा निबर झालेला असतो आणि तो कितीही शिजवला तरी साल तोंडात राहते. ज्या मावशींकडून मी नेहमी घेते, त्या असे निवडून घेणाऱ्या गिऱ्हाइकावर करवादत नाहीत, उलट स्वतःच एक शेंग फोडून दाणा माझ्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "नखानं दाबून बघा की ताई, कसा कवळा हाय. उद्या असला मिळायचा न्हाई." ताज्या पावट्याच्या शेंगेला किंचित चिकटपणा आणि एक उग्र, हिरवा वास असतो, आणि पाव किलो शेंगा सोलून झाल्या की तो बोटांना असा बसतो की साबणाने एकदा हात धुऊन जात नाही. मला तो वास आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी बाजारातून सोललेले दाणे आणावेत, पण ते त्याच दिवशी वापरावेत, कारण सोललेला दाणा लवकर वाळतो आणि वासही सोडतो.

शाळू मी लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून घेते. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, त्यामुळे डिसेंबरात जो मिळतो तो मागच्या हंगामाचा असतो. त्याने बिघडत काही नाही, फक्त पीठ ताजे दळलेले हवे. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते हे भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि भाकरीला जे लागू पडते ते या पारीलाही पडते. तयार पुड्यातले पीठ आणून ही पारी करण्यात अर्थ नाही.

आता प्रमाण. आठ तुकडे होतील एवढ्या एका मोठ्या गॅलेटला शंभर ग्रॅम शाळूचे पीठ, दीडशे ग्रॅम गव्हाची कणीक, नव्वद ग्रॅम थिजलेले तूप, साठ ग्रॅम घट्ट दही, साधारण तेवढेच पाणी, दोन मोठे चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा आणि पाऊण चमचा मीठ लागते. आदल्या रात्री फक्त शाळूचे पीठ दह्यात आणि पाण्यात कालवून, झाकून ओट्यावर ठेवावे. थंडीच्या दिवसांत त्याला दहा-बारा तास लागतात. सकाळी झाकण काढल्यावर आंबीलीसारखा आंबूस वास आला आणि पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या की पीठ झाले. मग ते तासभर फ्रीजमध्ये ठेवून गार करावे, कारण पुढे त्याची गाठ थिजलेल्या तुपाशी पडणार आहे.

हा रात्रभराचा खटाटोप दोन कारणांसाठी आहे. धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवते आणि शरीराला ती सहजासहजी मिळू देत नाही. पीठ आंबताना आम्लता वाढते, धान्यातले आणि जीवाणूंचे विकर (एन्झाइम) कामाला लागतात आणि या आम्लाचा काही भाग फुटतो. सगळा फुटतो असे नाही. दुसरे कारण चवीचे आहे आणि खरे सांगायचे तर माझ्या लेखी तेच मोठे आहे: न आंबवलेल्या शाळूची पारी भाजल्यावर कोरडी आणि काहीशी मातकट लागते, आंबवलेल्या पिठाची पारी मात्र तुपाचा तुपकटपणा कापून काढते. तिसरे एक कारण लोक सांगतात, की दह्यातले जिवंत जीवाणू पोटात जातात. पण ते ओव्हनमध्ये ठेवलेल्या पदार्थाला लागू नाही. दह्यातले जीवाणू साठ-पासष्ट अंशांच्या पुढे टिकत नाहीत, आणि इथे पारीला दोनशे अंशांची धग लागते. पिठात दही घातले म्हणून भाजलेल्या पदार्थाला प्रोबायोटिक म्हणणे हे शुद्ध विक्रेत्यांचे बोलणे आहे.

शाळूत ग्लूटेन, म्हणजे गव्हातले पीठ बांधून ठेवणारे प्रथिन, नसते, त्यामुळे नुसत्या शाळूची पारी लाटताना तुटते आणि मुरड तर पडतच नाही. कणकेचे काम तिला धरून ठेवण्याचे. मैद्याने ती अधिक सहज लाटली जाईल यात शंका नाही, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम कणकेत अकरा ग्रॅमच्या वर, ज्वारीत दहा ग्रॅमच्या वर आणि मैद्यात तीन ग्रॅमही नाही इतके तंतू दिलेले आहेत. अडीचशे ग्रॅम पिठाचा हिशोब केला, तर मैद्याच्या पारीत सुमारे सात ग्रॅम तंतू येतात आणि या मिश्र पारीत सत्तावीसच्या आसपास. बेकरीतल्या पॅटिसाचा खुसखुशीतपणा हिच्यात येणार नाही, तो येईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये; हिचा कुरकुरीतपणा जाडसर, खमंग आणि तिळाचा असतो.

कणकेत मीठ, ओवा आणि तीळ मिसळून त्यात थिजलेले तूप घालावे आणि ते फक्त बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, पिठात चुरावे. मोहन घालताना आपण तूप गरम करून ओततो आणि पीठ सगळीकडून सारखे होईपर्यंत चोळतो. इथे तसे करायचे नाही. बरेचसे तूप पिठात मिसळून जावे, पण तुरीच्या डाळीएवढे काही खडे तसेच राहावेत. लाटताना हे खडे चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये पसरतात, ओव्हनमध्ये वितळतात, आणि पिठातल्या ओलाव्याची वाफ त्या फटींत शिरून थर एकमेकांपासून सुटतात. चिरोट्याला किंवा साट्याच्या करंजीला आपण साटा लावून जे घडवून आणतो, तेच इथे खड्यांकडून होते. मग गार आंबवलेले पीठ घालून हलक्या हाताने गोळा करावा, लागल्यास चमचा-दोन चमचे थंड पाणी शिंपडावे आणि मळण्याचा मोह आवरावा. गोळा खडबडीत, थोडा फुटका दिसला तरी चालेल. अर्धा तास फ्रीजमध्ये राहिल्यावर तो एकदा जाडसर लाटून, पत्राला घालतात तशी तिपदरी घडी घालून पुन्हा गार केला की थर आणखी सुटतात. घाई असेल तर ही घडी सोडून द्यावी.

तुपाचे वजन पाहून आमच्या आई, म्हणजे सासूबाई, दरवेळी एकच प्रश्न विचारतात: "एवढं तूप घालायचं आणि वर पोटाला बरं म्हणायचं, हे कसलं गं?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. हल्ली असे सांगितले जाते की तुपात ब्युटिरिक आम्ल असते, आतड्यांच्या आतल्या अस्तरालाही तेच लागते, म्हणून तूप आतड्यांचे औषध. यातली पहिली दोन विधाने खरी आहेत. घोटाळा तिसऱ्यात आहे. तुपातले हे आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत ते जवळजवळ पोहोचत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा ज्या ब्युटिरेटपासून, म्हणजे याच आम्लाच्या एका रूपापासून, मिळवतात, ते तिथल्या तिथे तयार होते, आणि तयार करतात जीवाणू, आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून. म्हणजे पोटाचे जे काही भले होते ते पावटा, गाजर, कोंडा यांच्यामुळे. तूप आहे ते पारी खुसखुशीत होण्यासाठी. आठ तुकड्यांत विभागले तर एकाच्या वाट्याला अकरा ग्रॅमच्या आसपास तूप येते, आणि ज्या दिवशी गॅलेट असतो त्या दिवशी भातावर तूप वाढायचे नाही, असा तह आईंशी झालेला आहे. वनस्पती तूप मात्र कोणी वापरू नये. स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक स्निग्धांशावर, २०२२ पासून आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे हे खरे, पण घरात म्हशीच्या दुधाचे लोणी कढवून तूप होत असताना त्या वाटेला जायचेच कशाला?

सारणासाठी शंभर ग्रॅम पावट्याचे दाणे, पाऊण वाटी सोललेला ओला हरभरा, एक मोठे गाजर, दोन काटेरी वांगी, मूठभर घेवड्याच्या शेंगा, एक लहान रताळे, एक जुडी कांद्याची पात, निवडलेली मेथी दोन मुठी, ओल्या लसणाची पात असेल तर तीही, असे साधारण प्रमाण मी धरते. भोगीच्या भाजीत बोरे आणि उसाचे कांडे टाकण्याची पद्धत आहे. गॅलेटमध्ये त्यांच्या बिया आणि चोयट्या कोण वेचत बसणार, म्हणून ती वगळते आणि त्यांच्या गोडीऐवजी सुपारीएवढा गूळ घालते.

पावटा आणि हरभरा आधी मीठ घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडून ते पाणी ओतून द्यावे. इथे ओव्हनवर भिस्त ठेवू नये: सारणात ओलावा असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि कच्चा पावटा पोटाला बाधतो, त्यामुळे तो पारीत जाण्याआधी पूर्ण शिजलेला असलाच पाहिजे. कडधान्यांनी पोटात वायू धरतो याचेही कारण इथेच सांगून टाकते. त्यांच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा असतात, त्या फोडणारे विकर माणसाच्या पाचकरसांत नाही. म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू सोडतात. याचा अर्थ पोट फुगवणारी गोष्ट आणि जीवाणूंना पोसणारी गोष्ट एकच आहे. उकडलेले पाणी टाकले की या शर्करांचा काही भाग त्याबरोबर निघून जातो, आणि ज्यांना पावटा सोसत नाही त्यांना तेवढ्याने बराच आराम पडतो.

लोखंडी कढईत दोन चमचे शेंगतेल तापवून मोहरी, हिंग आणि ठेचलेला लसूण घालावा, मग कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, त्यावर रताळे आणि गाजराच्या बारीक फोडी, घेवडा, आणि शेवटी वांगी. झाकण ठेवू नये आणि आच मोठी ठेवावी. गॅलेटचा शत्रू पाणी आहे; वांग्याने सोडलेले पाणी कढईतच आटले नाही तर ते पारीत मुरते आणि खालची बाजू कच्ची राहते, मग वरून ती कितीही सोनेरी दिसो. फोडी कडेने तांबूस झाल्या की दीड चमचा घरची कांदा-लसूण चटणी, हळद, मीठ आणि गूळ घालून परतावे, उकडलेले दाणे मिसळावेत आणि मेथी व हिरवी पात अगदी शेवटी, गॅस बंद करून. मेथी आधी घातली तर ती काळवंडते आणि तिचा कडवटपणा सगळीकडे पसरतो. चटणीचे प्रमाण आपल्या घरच्या चटणीच्या तिखटपणावर ठरवावे. कोल्हापुरात हे सांगावे लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.

हे सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. गरम सारणाने पारीतले तूप वितळते, हे उघड कारण झाले. शिवाय शिजलेले रताळे आणि कडधान्ये गार होताना त्यांच्यातल्या पिष्टमय पदार्थाचा थोडा भाग पुन्हा घट्ट रचना धरतो आणि लहान आतड्यात पचेनासा होतो. तोही तंतूंसारखाच पुढे जीवाणूंच्या वाट्याला जातो. हा भाग थोडाच असतो, त्यासाठी मुद्दाम काही करावे एवढा नाही.

ओव्हन दोनशे अंश सेल्सिअसला तापत ठेवून रिकामा ट्रेही आतच तापू द्यावा. बेकिंगच्या कागदावर पारी तीन-चार मिलिमीटर जाडीची आणि साधारण तेरा इंच व्यासाची लाटावी, मधल्या भागावर भाजलेल्या शेंगदाण्याचे आणि तिळाचे कूट तीन मोठे चमचे पसरावे, आणि त्यावर कडेला दोन इंच जागा सोडून सारण. हे कूट चवीपुरते नाही. सारणातून पुढे सुटणारा रस ते पिऊन टाकते आणि पारी कोरडी ठेवते. आता कड उचलून आत घ्यावी आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने ती दाबून धरत उजव्या हाताच्या चिमटीने पुढची चुणी तिच्यावर आणावी, अशी गोल फिरत मुरड पुरी करावी. शाळूमुळे पारी मध्येच चिरते. तिथे ओल्या बोटाने पीठ लिंपून टाकावे, भाजल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. कडेला दुधाचा हात फिरवून वर तीळ पेरावेत. कागदासकट तापलेल्या ट्रेवर सरकवून, खालच्या कप्प्यात वीस मिनिटे दोनशे अंशांवर आणि पुढे पंचवीस-तीस मिनिटे एकशे ऐंशीवर भाजावे. उलथन्याने एक कड उचलून पाहावी: तळ तांबूस आणि ताठ असेल तरच बाहेर काढावे. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांना एक जुना मार्ग आहे. दिवाळीत नानकटाईचे ट्रे आपण ओळखीच्या बेकरीत भाजायला नेत होतो, तसा हाही नेता येतो, फक्त दुपारची भट्टी थोडी निवलेली असतानाची वेळ विचारून घ्यावी.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसाच ठेवून मग कापावा, नाहीतर सारण ओघळते. आमच्या मुलीचे ताट हा माझ्यापुरता याचा कस आहे. भोगीच्या भाजीतले वांगे वेचून कडेला ठेवणारी ही मुलगी गॅलेटमधले वांगे मुकाट्याने खाते, आणि का खाते हे मी तिला विचारत नाही. माझ्या ढोबळ हिशोबाने एका तुकड्यात सहा-सात ग्रॅम तंतू येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात रोज तीस ग्रॅम तंतू हवेत. एका तुकड्याने त्यातला पाचवा हिस्सा तरी भरून निघतो.

सोबत दही किंवा ताक हवेच, आणि ते ताटात शेजारी, न तापवलेले हवे, कारण जिवंत जीवाणू मिळायचे तर तिथेच मिळतील. आंबवलेल्या दुधाचा आणि आतड्यांचा संबंध शास्त्रीय चर्चेत आणणाऱ्यांपैकी इल्या मेचनिकॉफ हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ, ज्यांना १९०८ चे नोबेल मिळाले, ते एक. बल्गेरियातल्या आंबट दुधाने आयुष्य वाढते असे त्यांचे म्हणणे होते. तेवढे मोठे दावे आज कोणी करत नाही. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात मात्र दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाह दर्शवणारे काही घटक कमी झाले. त्याच प्रयोगातल्या दुसऱ्या गटाने तंतू वाढवले होते, आणि त्यांच्यात तेवढ्या मुदतीत वैविध्य वाढलेले दिसले नाही. प्रयोग लहान होता, आणि पहिल्या गटातले लोक सरासरी दिवसाला सहा वेळांहून अधिक आंबवलेले काहीतरी खात होते; इतके ताक आमच्या घरात मे महिन्यातही खपत नाही. तरीही दोन्ही गोष्टी एका ताटात असाव्यात असे मला त्यातून वाटते. दह्यासाठी दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरून धारोष्ण आणले तरी ते चांगले उकळून, कोमट करून मगच विरजावे. कच्च्या दुधाबरोबर नको ते जंतूही येतात.

हा पदार्थ सगळ्यांना सोसेल असे नाही. ज्यांचे आतडे नाजूक आहे, वरचेवर पोट फुगते किंवा आयबीएसचे, म्हणजे आतडे वरचेवर बिघडण्याच्या विकाराचे, निदान झाले आहे, त्यांना कांदा, लसूण आणि कडधान्ये यांचाच त्रास होतो. अशांसाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आखलेल्या आहारपद्धतीतली एक सोय उपयोगी पडते: त्रास देणारे फ्रुक्टॅन, म्हणजे लहान आतड्यात न पचणाऱ्या शर्करांच्या साखळ्या, पातीच्या पांढऱ्या भागात असतात, हिरव्या भागात फारसे नसतात, आणि ते तेलात विरघळत नाहीत. म्हणून पातीचा फक्त हिरवा भाग घ्यावा, लसूण तेलात तळून काढून टाकावा, पावटा-हरभरा वगळावा आणि कांदा-लसूण चटणीऐवजी नुसते तिखट घालावे. गव्हातही फ्रुक्टॅन असतात, त्यामुळे तुकडाही लहानच असावा. ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांसाठी मात्र ही पारी नाही. त्यांनी हेच सारण शाळूच्या भाकरीबरोबर खावे. आणि ज्यांच्या जेवणात आजवर तंतू कमीच होते त्यांनी एका बैठकीत तीन तुकडे खाऊन रात्री मला दोष देऊ नये. तंतू हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे.

भोगी सरल्यावर सारण बदलते, पारी तीच राहते. फाल्गुनात कोवळ्या शेवग्याचा गर आणि वाटाणा, पावसाळ्यात गगनबावड्याकडून येणारी फोडशीची रानभाजी आणि भिजवलेली मसूर. फोडशीच्या पातीतला मधला कडक दांडा काढून टाकावा लागतो आणि ती धुवायला भरपूर पाणी लागते, बाकी कृतीत फरक नाही.

उरलेला गॅलेट फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, पारी चामट होते. जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता दहा मिनिटे ठेवला की तळ पुन्हा कुरकुरीत होतो. डब्यात द्यायचा असेल तर आधी पूर्ण निवू द्यावा, नाहीतर झाकणाला वाफ धरते, आणि दही वेगळ्या डबीत द्यावे.